लँगम्यूर प्रोब, आठ महिन्यांच्या वापरानंतर: घेण्याआधी सिरॅमिकचं टोक बघा

आमच्याकडे आर्गॉनचा डीसी ग्लो डिस्चार्ज आहे, म्हणजे कमी दाबाच्या वायूतून वीज सोडून केलेला चमकता प्लाझ्मा (इलेक्ट्रॉन आणि आयन सुटे झालेला वायू). दाब ०.१ मिलिबार, कॅथोड तांब्याचा. त्यातल्या इलेक्ट्रॉनचं तापमान आणि घनता मोजायला लँगम्यूर प्रोबचा तयार संच घेतला. अर्ध्या मिलिमीटर जाडीची टंगस्टन तार, ती सात मिलिमीटर उघडी, बाकीची सिरॅमिक नळीत. सोबत व्होल्टेज -६० ते +६० फिरवणारा स्वीप.

पहिले तीन महिने मी खूश होते. लँगम्यूरने १९२०च्या दशकात बसवलेली ही पद्धत अजूनही मला फार सुंदर वाटते. तार प्लाझ्मात घालायची, व्होल्टेज फिरवायचं, करंट मोजायचा. इलेक्ट्रॉनच्या करंटचा लॉगॅरिदम व्होल्टेजसमोर मांडला की रेघेच्या उतारावरून इलेक्ट्रॉनचं तापमान मिळतं. आमचं २ इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे साधारण २३,००० केल्विन. स्वीप वर जातानाची आणि खाली येतानाची रेघ जुळेना झाली, तर तार मळलीय असं समजायचं. धन व्होल्टेज देऊन ती लाल होईपर्यंत तापवली की साफ होते.

चौथ्या महिन्यापासून प्रोबवर दिसणारी इलेक्ट्रॉनची घनता वाढायला लागली. दाब तोच, डिस्चार्जचा करंट तोच, तापमानही तेच, आणि घनता दर आठवड्याला थोडी वर. त्याच वेळी स्पेक्ट्रोमीटरवर (प्लाझ्माचा उजेड रंगांत वेगळा करून मोजणारं यंत्र) आर्गॉनची ७५०.४ नॅनोमीटरची रेषा मंदावत होती. घनता वाढतेय तर उजेड कमी कसा होईल?

शेवटी व्हॅक्यूम तोडून प्रोब बाहेर काढला. सिरॅमिकच्या टोकावर कॅथोडवरून उडालेल्या तांब्याचा थर बसला होता आणि तो थेट तारेला टेकला होता. म्हणजे नळीचं टोकही करंट गोळा करत होतं. तारेचं क्षेत्रफळ जेमतेम ११ चौरस मिलिमीटर, आणि दोन मिलिमीटर जाड नळीचा तीन मिलिमीटर भाग जरी तांब्याने झाकला गेला तरी त्यात १९ची भर पडते. सॉफ्टवेअर मात्र घनता काढताना करंटला ११नेच भागत बसलं. उताराला क्षेत्रफळाशी देणंघेणं नाही, म्हणून तापमान जागेवर राहिलं.

स्पेक्ट्रोमीटर ज्या खिडकीतून बघतो, तिच्या काचेवरही तेच तांबं. काच पुसली आणि उजेड पहिल्या महिन्याइतका झाला. स्पेक्ट्रोमीटरला मी आधी दिखाऊ खर्च म्हणत होते, ते मत बदललं. ७५०.४ आणि ८११.५ या दोन रेषांचं गुणोत्तर आठही महिने हललं नव्हतं, कारण काचेवरचा थर दोन्ही रेषांना जवळजवळ सारखाच अडवतो.

राग आहे तो विक्रेत्यावर. टोक ‘झिजणारा भाग’ म्हणून वॉरंटीत नाही, आणि नव्याचा भाव दहा हजारांच्या वर. पण हे झिजणं नव्हे, ही रचनेतली चूक आहे. नळीचं भोक तारेला घट्ट बसेल एवढंच ठेवलं तर धातूचा थर तारेला टेकणारच. टोकाशी भोक मोठं हवं, म्हणजे तार मोकळी बाहेर येते आणि आतल्या सावलीत थर पोचत नाही.

मग घरीच केलं. थर्मोकपलच्या सिरॅमिकच्या दोन नळ्या, एकीत दुसरी. आतली बारीक नळी दोन मिलिमीटर मागे ठेवली. खर्च काही शे रुपये. सात आठवडे झाले, घनता जागची हललेली नाही. खिडकीला आतून झडप बसवली आहे, मोजमापापुरतीच उघडते.

वहीतले चौथ्या महिन्यापासूनचे घनतेचे सगळे आकडे खोडले. तापमानाचे ठेवले आहेत.