१०० गाठींची लोकरीची प्रार्थनादोरी : कशी वापरावी, कुठे फसते, कोणती घ्यावी

या दोरीचा पहिला गुण म्हणजे ती गप्प असते. मण्यांची जपमाळ नुसती टेबलावर ठेवली तरी खुळखुळते. ही मात्र खिशात असो, बाहीत असो की उशाखाली, शेजारी बसलेल्याला पत्ता लागत नाही. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक एकच छोटी प्रार्थना पुन्हा पुन्हा म्हणताना ही गाठीगाठीने ओढतात. ग्रीक मठांत हिला कोंबोस्किनी म्हणतात, रशियन लोक चोत्की म्हणतात. काळी लोकर, १०० गाठी, मध्ये ठरावीक अंतरावर मणी, टोकाला गाठींचाच विणलेला क्रूस आणि त्याखाली गोंडा. हा गोंडा प्रार्थना करताना भरून आलेले डोळे पुसण्यासाठी असतो, असं मठांत सांगतात. काळा रंग पापांबद्दलच्या शोकाचा, आणि लोकर ही ख्रिस्ताच्या मेंढरांची खूण.

खरं कसब आहे ते गाठीत. एका गाठीत नऊ फुल्या एकमेकींत गुंफलेल्या असतात, म्हणजे नऊ क्रूस. इजिप्तच्या वाळवंटातले जुने संन्यासी संत अँथनी साध्या गाठी मारून प्रार्थना मोजायचे आणि सैतान मागून त्या सोडवायचा. मग क्रुसांची ही गाठ त्यांना दाखवण्यात आली आणि सैतानाचा धंदा बसला, अशी दंतकथा आहे. काही परंपरांत हीच कथा इजिप्तमधलेच दुसरे संन्यासी संत पखोमियस यांच्या नावावर आहे. दंतकथेचं काहीही असो, गाठ खरोखर सुटत नाही. दोरी मध्येच तुटली तरी बाकीच्या गाठी जागच्या जागी राहतात. तुटलेल्या माळेचे मणी घरभर गोळा करावे लागतात, तसं इथे होत नाही.

वापरायची रीत सोपी आहे. दोरी डाव्या हातात धरायची, म्हणजे उजवा हात क्रुसाची खूण करायला मोकळा राहतो. क्रुसाशेजारच्या पहिल्या गाठीपासून सुरुवात. अंगठा आणि तर्जनीत गाठ धरून ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर’ म्हणायचं आणि पुढच्या गाठीवर सरकायचं. मणी आला की थांबा. काहीजण तिथे नमन करतात, काहीजण दुसरी छोटी प्रार्थना म्हणतात. एका प्रार्थनेला सहा सेकंद धरले तर १०० गाठींना दहा मिनिटं लागतात, ३३ गाठींच्या मनगटी दोरीला सव्वातीन. शंभर गाठी चार मिनिटांत उरकत असतील तर शब्द गिळले जात आहेत, एवढं खुशाल समजावं. श्वासाशी शब्द जुळवायच्या पद्धतीही आहेत, पण त्या जाणत्या मार्गदर्शकाशिवाय करू नयेत असं मठातले लोक बजावून सांगतात, आणि ते मानावं.

आता मुख्य परीक्षा. एखादं अवजार चांगलं की वाईट हे ते कशासाठी आहे यावर ठरतं. रशियातल्या सारोव मठाचे संत सेराफिम यांनी १८३१ साली त्यांचे भक्त निकोलाय मोतोविलोव यांच्याशी बोलताना हा हिशेब स्वच्छ मांडला होता. प्रार्थना, उपवास, जागरण ही सगळी साधनं. ख्रिस्ती जीवनाचं ध्येय म्हणजे पवित्र आत्मा मिळवणं. त्यांनी दृष्टांतही व्यापाऱ्याचा दिला. ज्या मालात नफा जास्त, तो माल व्यापारी जास्त ठेवतो. तसं ज्या साधनाने कृपा अधिक मिळते, ते अधिक करावं. या मापाने पाहिलं तर मोजणी हे दोरीचं दुय्यम काम आहे. बोटांना चाळा मिळतो, मन भटकलं तर हाताखालची गाठ त्याला परत आणते, आणि किती झाले हा प्रश्न बोटांवर सोपवून डोकं मोकळं राहतं. ज्या दोरीमुळे आकड्याकडे लक्ष जातं, ती दोरी नापास.

बोटात घालायचे बटणाचे गणकयंत्र आणि फोनमधली मोजणीची सोय इथेच मार खातात. दर दाबाला वाढणारा आकडा डोळ्यांसमोर येतो आणि काल ४०० झाले होते, आज ५०० करू, अशी चढाओढ आपोआप सुरू होते. दोरीला कालचं काही आठवत नाही. वर्तुळच ते, शंभरावी गाठ संपली की पुन्हा पहिली.

कामाबरोबर दोरी चालते का, हे लोक हमखास विचारतात. उत्तर कामावर अवलंबून आहे, आणि जुनी उदाहरणं इथे फार उपयोगी पडतात. वाळवंटात कंटाळ्याने आणि उलटसुलट विचारांनी ग्रासलेल्या अँथनींना एकजण दिसला: बसून दोर वळायचा, उठून प्रार्थना करायचा, पुन्हा बसून दोर वळायचा. तो देवदूत होता आणि ‘असं कर, तरशील’ एवढंच त्याचं सांगणं होतं. त्यात काम आणि प्रार्थना आळीपाळीने येतात. दोन्ही हात गुंतलेले असताना दोरी ओढत बसू नये. झाडणं, निंदणं, भांडी घासणं, कणीक मळणं अशा कामांत प्रार्थना तोंडी चालू द्यावी आणि दोरी खिशातच ठेवावी. हिशेब, लेखन, वाहन चालवणं यांत तर तोंडीही नको. कामाला बसताना एकदा आणि उठताना एकदा, तेवढी पुरे. फिरत्या यंत्राजवळ मनगटातली दोरी काढून ठेवायचीच. अडकली तर लोकर तुटण्याआधी मनगट आत जाऊ शकतं, आणि यात भक्तीचा काही संबंध नाही.

संत बेनेडिक्ट यांनी मठांसाठी लिहिलेल्या नियमावलीत ४८व्या अध्यायात आळस हा आत्म्याचा शत्रू म्हटला आहे, आणि दिवसाचे तास हातकाम आणि वाचनात वाटून दिले आहेत. ४३वा अध्याय सांगतो की प्रार्थनेची खूण ऐकू येताच हातातलं टाकून निघायचं. ५७वा मात्र कारागिरांसाठी खास आहे: आपल्या कसबाचा कुणाला ताठा चढला, तर त्याला त्या कामावरून काढावं, आणि मठाचा माल बाहेरच्यांपेक्षा थोड्या कमी दरात विकावा. दोरी विणणाऱ्याने आणि वापरणाऱ्याने दोघांनीही हा अध्याय डोळ्यांखालून घालावा. कसबाचा ताठा जितका, तितकाच प्रार्थनांच्या संख्येचाही चढतो.

आता दोष. नवी दोरी ताठ असते, गाठी एकमेकींना चिकटलेल्या असतात आणि अंगठा एकाच वेळी दोन गाठी ओलांडतो. रोज वापरली की काही आठवड्यांत नरम पडते. तोवर मोजणी चुकली तर चुकू द्यावी. उन्हाळ्यात मनगटावरची लोकर घाम धरते, काहींना खाज सुटते. पुढे लोकरीला बोंडं येतात, ती खुडू नयेत, कात्रीने हलक्या हाताने कापावीत. गरम पाणी हा हिचा खरा शत्रू: लोकर आटते, धागे एकमेकांत जमतात आणि गाठींचा मिळून एक नमदा होतो, मग बोटाला गाठ कळतच नाही. गार पाणी, सौम्य साबण, पिळायचं नाही, टॉवेलमध्ये दाबून सावलीत आडवी वाळवायची.

सॅटिनच्या दोऱ्याची दोरी धुवायला सोपी, गाठी टणक, म्हणून थंडीने बधिर झालेल्या किंवा वयामुळे बोथट झालेल्या बोटांना ती बरी. पण चकाकते, आणि चकाकणारी दोरी लवकरच दागिना होते. ३३ गाठींची मनगटी दोरी प्रवासाला ठीक. अनेकजण तीच आधी घेतात आणि तिचं कडं होऊन बसतं. सुरुवातीला १०० गाठींचीच घ्यावी. ३०० गाठींची लांबलचक दोरी मठातल्या खोलीत शोभते. घरी ती खुर्चीच्या हाताला अडकते.

घेताना गाठी मोजाव्यात. ९९ किंवा १०१ निघाल्या तर प्रार्थनेला बाध येत नाही, पण विणणाऱ्याचं लक्ष कुठे होतं ते कळतं. दोन गाठी दोन्ही अंगठ्यांनी हलकेच ताणून पाहाव्यात. मध्ये नुसता दोरा दिसला तर विणकाम सैल आहे आणि अंतर वाढतच जाणार. ओल्या पांढऱ्या कापडाने गोंडा घासून रंग जातो का पाहावा, नाहीतर घामाने मनगट काळं होतं.

शेवटी दोरी झिजते. आशीर्वादित वस्तू कचऱ्यात टाकत नाहीत, जाळतात किंवा पुरतात. वाळवंटातल्या संन्याशांबद्दल लिहिणाऱ्या जुन्या ख्रिस्ती लेखक कासियनने वर्णन केलेले अब्बा (म्हणजे बाबा) पौल इथे आठवतात. त्यांचं वस्तीपासूनचं अंतर सात दिवसांच्या वाटेपेक्षा जास्त, आणि टोपल्या बाजारात न्यायचं भाडं कमाईहून अधिक. तरी ते रोज खजुराची पानं गोळा करून ठरवलेलं काम करत. गुहा वर्षभराच्या कामाने भरली की सगळं जाळून टाकत आणि पुन्हा पहिल्या टोपलीपासून सुरू करत. दोरी जाळताना आणखी एक गोष्ट कळते, ती विकत घेतानाच तपासलेली बरी. गोंड्याचा एक धागा काडीने पेटवा: लोकर असेल तर जळक्या केसांचा वास येतो आणि बोटांत चुरगळणारी राख उरते. अ‍ॅक्रिलिक वितळून त्याचा टणक काळा मणी होतो.