इंटमॅपवर बांधलेला स्वतःचा इंडेक्स्ड मॅप: काही महिने वापरल्यानंतर

एका घाऊक औषधविक्रेत्याच्या साठ्याची प्रणाली आम्ही हास्केल या प्रोग्रामिंग भाषेत चालवतो. साठा सगळा मेमरीत. बॅच क्रमांक दिला की नोंद मिळाली पाहिजे आणि तारीख दिली की त्या तारखेला एक्स्पायर होणाऱ्या बॅच मिळाल्या पाहिजेत. म्हणून एका रेकॉर्डमध्ये दोन मॅप आहेत: एकात बॅचवरून नोंद, दुसऱ्यात, म्हणजे इंडेक्समध्ये, तारखेवरून बॅच क्रमांकांचा इंटसेट (पूर्णांकांचा संच). डेटा.मॅप म्हणजे किल्ली दिली की तिचं मूल्य देणारी हास्केलमधली रचना, आणि डेटा.इंटमॅप (इंटमॅप) म्हणजे फक्त पूर्णांक किल्ल्यांसाठीची तशीच रचना. आता थेट मुद्द्यावर येतो.

सुरुवातीला दोन्ही मॅप साधे डेटा.मॅप होते. मुख्य मॅप इंटमॅपवर नेला तो केवळ काटकसरीपोटी. भाड्याचा सर्व्हर २ जीबीचा आहे आणि वरच्या प्लॅनचे पैसे भरायची माझी तयारी नव्हती, आजही नाही. किल्ली पूर्णांक असेल तर इंटमॅप घ्या, असं सगळेच सांगतात. घेतला.

आणि तिथेच तो फंक्शन भेटला ज्याच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही: अपडेटलुकअपविथकी. नोंद बदलायची आणि त्याच झटक्यात एक मूल्य परत मिळवायचं, हे त्याचं काम. डेटा.मॅपमध्ये नोंद बदलली तर हा फंक्शन नवं मूल्य परत देतो. आमच्याकडच्या आवृत्तीच्या इंटमॅपमध्ये तो जुनं मूल्य देतो. नाव तेच, टाइपचा (काय घेतो, काय देतो याचा) आकार तोच. नोंद सापडली नाही तर दोन्हीकडे नथिंग, म्हणजे 'काही नाही', नोंद काढून टाकली तर दोन्हीकडे जुनं मूल्य. फरक फक्त बदलाच्या वेळी, म्हणजे नेमका जिथे दुसरा इंडेक्स सांभाळायचा असतो तिथे. दस्तऐवजात हा फरक एका ओळीत लिहिलेला आहे. पण ज्या भाषेत आपण टाइपवर विश्वास टाकून इंपोर्टची (कुठलं मॉड्यूल वापरायचं ते सांगणारी) ओळ बदलतो, तिथे एका ओळीची सूचना पुरत नाही.

आमच्याकडे काय झालं ते पाहा. तारीख बदलताना आधी जुन्या तारखेच्या संचातून बॅच काढायची आणि मग फंक्शनने परत दिलेल्या नोंदीतली तारीख घेऊन त्या संचात टाकायची, अशी रचना होती. इंटमॅप आल्यावर परत आलेली नोंद जुनी, त्यामुळे बॅच पुन्हा जुन्याच संचात जाऊन बसली. मुख्य मॅप म्हणतो जून, इंडेक्स म्हणतो मार्च. कंपायलर एका शब्दाने बोलला नाही. औषधांच्या बाबतीत ही चूक बाहेर गेली असती तर चांगला माल परत पाठवला गेला असता, किंवा उलट बाजूने तारीख उलटलेला माल फडताळात राहिला असता.

पकडलं ते क्विकचेकने, म्हणजे यादृच्छिक चाचण्या घेऊन आपण सांगितलेला गुणधर्म तपासणाऱ्या लायब्ररीने. कोएन क्लासेन आणि जॉन ह्यूज यांनी २००० साली मांडलेलं हे साधन मी आधी चैन समजत होतो. आता त्याच्याशिवाय असा मॅप कुणी लिहू नये, हे ठाम मत आहे. गुणधर्म एकच लिहिला होता: कुठल्याही क्रियांनंतर मुख्य मॅपवरून नव्याने बांधलेला इंडेक्स आणि सांभाळलेला इंडेक्स सारखे असले पाहिजेत. लांबलचक क्रियांची यादी छाटत छाटत त्याने दोनच ओळी पुढे ठेवल्या: बॅच ० टाका, तारीख ०, तिची तारीख १ करा. इतकं नेमकं उत्तर मला कुठल्याही लॉगने कधी दिलेलं नाही.

त्यानंतर रचना बदलली. आता मॉड्यूलमधून कन्स्ट्रक्टर (रेकॉर्ड थेट बनवायची वाट) बाहेर जात नाही, आणि टाकणं, बदलणं, काढणं हे सगळं आल्टरएफवर (आधीची नोंद पाहून ती टाकणारा, बदलणारा किंवा काढणारा तयार फंक्शन) बांधलेल्या एकाच आतल्या फंक्शनमधून जातं. त्याला 'आधी काय होतं' आणि 'आता काय आहे' हे दोन्ही मेबी (मूल्य असेल किंवा नसेल असा टाइप) म्हणून मिळतं, आणि इंडेक्समध्ये काय काढायचं, काय घालायचं हे तिथेच ठरतं. परत आलेलं मूल्य जुनं की नवं, हा प्रश्नच उरत नाही.

आता काटकसरीचं. नंतर कागदावर हिशोब मांडला तेव्हा वाईट वाटलं. ६४ बिटी यंत्रावर डेटा.मॅपची एक गाठ (आतल्या झाडासारख्या रचनेचा एक नोड) सहा शब्दांची, शब्द ८ बाइटचा, म्हणजे ४८ बाइट, आणि वेगळी ठेवलेली पूर्णांक किल्ली १६ बाइट. एकूण ६४. आमच्या आवृत्तीच्या इंटमॅपमध्ये पान (नोंद धरणारी टोकाची गाठ) २४ बाइट आणि जवळपास तितक्याच संख्येने येणाऱ्या आतल्या गाठी ४० बाइटच्या. एकूण तेही ६४! ज्या बचतीसाठी हा खटाटोप केला, ती मुख्य मॅपमध्ये झालीच नाही. बचत झाली ती इंटसेटमध्ये, कारण त्याचं एक पान लागोपाठच्या ६४ किल्ल्या एका शब्दाच्या बिटांत ठेवतं आणि आमचे बॅच क्रमांक बहुतेक लागोपाठचे असतात.

तरीही इंटमॅप परत काढला नाही. शोध जलद आहे, आणि दोन गोदामांचे साठे एकत्र करताना युनियन सुरेख चालतं. ओकासाकी आणि गिल यांच्या १९९८च्या लेखातली रचना मुळात विलीनीकरणासाठीच आहे. साइझ, म्हणजे नोंदी किती हे सांगणारा फंक्शन, मात्र खटकतं. डेटा.मॅप गाठीतच संख्या ठेवतो, इंटमॅप दर वेळी सगळं मोजत बसतो. म्हणून एकूण संख्या रेकॉर्डमध्ये वेगळी ठेवावी लागली, आणि तीही त्याच एका फंक्शनमधून बदलते. तारखांचा इंडेक्स डेटा.मॅपच ठेवला आहे. तारखा थोड्या असतात, आणि 'या तारखेपर्यंतचं सगळं' काढायला टेकव्हाइलअँटिटोन (अट जुळते तोवरचा सुरुवातीचा भाग देणारा फंक्शन) पुरतं.

इक्ससेट-टाइप्ड (अनेक इंडेक्स स्वतःच सांभाळणारी तयार लायब्ररी) का नाही, असं विचारणाऱ्यांसाठी: चार-पाच इंडेक्स असतील आणि नोंदी लहान असतील तर तेच घ्या. तिथे प्रत्येक इंडेक्सखाली पूर्ण नोंदींचा सेट असतो आणि तुलना नोंदीच्या ऑर्डवर (क्रम ठरवणाऱ्या नियमांवर) चालते. आमच्या लांबलचक नोंदींना ते जड गेलं असतं.

आणखी एक, जे इंपोर्ट बदलूनही सुटत नाही: स्ट्रिक्ट (मूल्य लगेच काढणारं) मॉड्यूल घेतलं तरी एफमॅप (सगळ्या मूल्यांवर एक फंक्शन लावणारा) आळशीच राहतो, म्हणजे हिशोब पुढे ढकलतो, कारण टाइप दोन्हीकडे एकच आहे. सगळ्या नोंदींचे भाव एकदम बदलायचे असतील तर स्ट्रिक्ट मॉड्यूलमधला मॅप फंक्शनच वापरा, नाहीतर न सोडवलेल्या हिशोबांचा ढीग मेमरीत साचतो आणि २ जीबीच्या सर्व्हरवर तो लगेच दिसतो.