कन्साइज ऑक्सफर्ड : ‘बँक’ शब्दावर पारखलेला कोश

मराठी माध्यमाच्या शाळेला इंग्रजीचा एकच कोश घेणं परवडणार असेल, तर कन्साइज ऑक्सफर्ड घ्या. नववी-दहावीच्या लेकरांना शिकवणाऱ्या माणसाच्या हाताशी तो असलाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. आमच्या कपाटात बारावी आवृत्ती आहे, २०११ सालची. फाउलर बंधूंनी पहिली काढली १९११ मध्ये, म्हणजे ही बरोबर शतकाची.

कोश कसा आहे हे मी प्रस्तावना वाचून ठरवत नाही. रोज तोंडात असलेला एखादा शब्द उघडून बघते. माझा शब्द ठरलेला आहे, बँक.

त्याला कारण आमचा कॅनल. जायकवाडीचा डावा कालवा पैठणहून निघून जालना जिल्ह्यातून आमच्या परभणी जिल्ह्यात येतो. २०८ किलोमीटरचा आहे तो. उजवा १३२ किलोमीटरचा. पाण्याची पाळी सुटली की वर्गातली काही पोरं वावरात दिसतात. सरकारी इंग्रजीत या कालव्याचं नाव ‘पैठण लेफ्ट बँक कॅनॉल’. दहावीतल्या एकाने ते कुठेतरी वाचलं आणि विचारलं, ‘‘बाई, पाणी तर इरिगेशनवाले सोडतेत, मग नावात बँक कशी आली?’’

बाजारात मिळणारे खिशातले इंग्रजी-मराठी कोश इथे उपयोगी पडत नाहीत. पेढी, काठ, ढीग, रांग असे अर्थ स्वल्पविराम देऊन एकापुढे एक लावलेले असतात. लेकरू पहिला उचलतं आणि वाक्यात बसवतं. बाकीचे तिथे का आहेत, हे त्याला कुणी सांगत नाही.

कन्साइजमध्ये हा शब्द दोनदा येतो. एकाच्या डोक्यावर बारीक १, दुसऱ्याच्या २. पहिल्यात नदीचा काठ, मातीचा उतार, ढगांचा थर, विमानाचं एका अंगाला कलणं. दुसऱ्यात पैशाची बँक आणि तिच्यावरून निघालेले अर्थ, म्हणजे रक्तपेढी वगैरे. तो बारीक आकडा मुलांना वाचायला शिकवा. एकाच आकड्याखालचे अर्थ बहुतेक एकमेकांतून फुटलेले असतात. आकडा बदलला की शब्द इंग्रजीत वेगळ्या वाटेने आलेला असतो. डावा कालवा पहिल्या आकड्याचा, नदीच्या डाव्या काठाने जाणारा. पोराचं उत्तर तिथेच मिळालं. बारावीच्या फिजिक्समधलं रस्त्याचं बँकिंगही याच आकड्याखालचं: वळणावर रस्त्याची बाहेरची कड उंच ठेवतात, तो उतार.

मला हा कोश आवडतो तो मात्र नोंदीच्या शेवटी असलेल्या व्युत्पत्तीच्या ओळीसाठी. पहिला शब्द स्कँडिनेव्हियातून येऊन इंग्लंडात वसलेल्या लोकांच्या जुन्या नॉर्स भाषेतला, ‘बक्की’. दुसरा पंधराव्या शतकात फ्रेंच-इटालियनमधून आला. इटालियन ‘बांका’ म्हणजे सराफाचं बाकडं, ज्यावर नाणी मांडून मोड करून दिली जायची. इथवर दोन निराळ्या गोष्टी वाटतात. पण ओळ पुढे वाचा: दोन्हींचं मूळ एकाच जर्मानिक शब्दात (इंग्रजी, जर्मन, नॉर्स या भाषांच्या घराण्यातल्या) आहे, आणि त्याच मुळापासून ‘बेंच’ही आलाय. गोदावरीचा काठ, पासबुकवाली बँक आणि वर्गातला बेंच ही चुलत भावंडं निघतात.

वर्गात हे सांगितलं की मी थोडा वेळ काहीच बोलत नाही, कारण पोरं स्वतःच जोडायला लागतात. मराठवाड्यात ‘औरंगाबाद बेंच’ कुणाला ठाऊक नाही? २७ ऑगस्ट १९८१ला सुरू झालेलं मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ. पीठ म्हणजे बसायची जागाच की. सावकाराची गादी तीच. बसायच्या जागेवरून कामाला नाव पडायची रीत आपल्याकडेही आहे, हे कळल्यावर इंग्रजी शब्दाची भीती निघून जाते. ‘बँकरप्ट’ लगेच त्याच तासाला घ्यावा. मूळ इटालियनमध्ये ‘मोडलेलं बाकडं’. दिवाळखोरीचा हा शब्द आमच्या वर्गात कुणी विसरत नाही.

एका मुलीचे वडील वीज उपकेंद्रात आहेत. तिने विचारलं, ‘‘तिथली कपॅसिटर बँक कोणत्या आकड्याची?’’ मला वाटलं होतं ती दुसऱ्याचं नाव घेईल, कपॅसिटर हे उपकरण वीज साठवतं म्हणून. तिने स्वतः नोंद काढली आणि पहिल्यावर बोट ठेवलं: एका ओळीत मांडलेल्या सारख्या वस्तू. या अर्थाची वाट कोशाने वेगळी दाखवली आहे, फ्रेंच ‘बां’वरून. चार इंचांच्या नोंदीत एवढी काळजी घेणारा कोश मी तरी दुसरा वापरलेला नाही.

आता हा कुणासाठी नाही तेही सांगते. पाचवी-सहावीच्या लेकराला देऊ नका. अर्थ इंग्रजीतूनच आहेत आणि इंग्रजी येणाऱ्या माणसाला धरून लिहिलेले आहेत. व्युत्पत्तीत भाषांची नावं आद्याक्षरांत येतात. मी त्यांचा तक्ता करून भिंतीला लावलाय, त्याशिवाय मुलं एकट्याने पुढे जात नाहीत. एखादा अर्थ कोणत्या साली, कुणाच्या लिखाणात पहिल्यांदा आला हे हवं असेल, तर ऑक्सफर्डचा थोरला कोश बघावा लागतो. १९८९च्या आवृत्तीत त्याचे वीस खंड आहेत. ‘ब्लड बँक’ हे नाव शिकागोच्या बर्नार्ड फँटस या डॉक्टरांनी १९३७ मध्ये रूढ केलं, असली माहिती शिक्षकाने स्वतः जमवायची.

नवी प्रत महाग वाटली तर जुनी घ्या, चालते. पैसे देण्याआधी दुकानातच ‘मॅच’ उघडा. काड्यापेटीतली काडी आणि क्रिकेटचा सामना दोन वेगळ्या आकड्यांखाली असले पाहिजेत, कारण काडी फ्रेंचमधून आलेल्या वातीच्या शब्दावरून आणि सामना जुन्या इंग्रजीतल्या जोडीदाराच्या शब्दावरून. दोन्हींखाली व्युत्पत्तीची ओळ दिसली तर घ्या. ती नसेल तर ती एखादी छोटी आवृत्ती असेल. शाळेसाठी ती नको.