'सील फोडू नका' असं लिहिलेली रायफलची मॅगझिनं घेताय? आधी हे वाचा

टेक्सासात राहतो, ग्रीन कार्ड आहे, घरी एआर-15 रायफल आहे. शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर जाणारी आमची चार-पाच मराठी टाळकी आहेत. (एच-वन म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावाल्यांनी या भानगडीत पडण्याआधी वकील गाठावा. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर त्यांना बंदूक बाळगायला मनाई आहे.)

एका ऑनलाइन विक्रेत्याकडे नामांकित बनावटीची 30 गोळ्यांची प्लास्टिक मॅगझिनं (रायफलला खालून लावायच्या, गोळ्या भरायच्या पेट्या) जवळपास निम्म्या भावात दिसली. एरवी एक नग 12 ते 15 डॉलरला पडतो. वर 'साठवणीचा पॅक': प्रत्येक नग सीलबंद, आत ओलावा शोषणारी पुडी, आणि ठळक अक्षरांत 'सील फोडू नका'. ग्यानबाची मेख तिथेच होती. परतीची मुदत 30 दिवस. असा माल माणूस थेट कपाटात टाकतो आणि उघडतो तेव्हा वर्षं उलटलेली असतात.

मी नवं मॅगझिन चालवून बघितल्याशिवाय ठेवत नाही, म्हणून मुदतीत कळलं. पाच-सात गोळ्या भरल्या की सगळं सुरळीत. पूर्ण 30 भरल्या की अंग फुगायचं. रायफलीवरचं मॅगझिन सोडायचं बटण दाबलं तरी सुटून खाली पडायचं नाही, ओढून काढावं लागायचं. गोळ्या वर ढकलणारा आतला फॉलोअर डुगडुगत होता, त्यामुळे मधेच काडतुसाचं नाक खाली झुकून मॅगझिनच्याच पुढच्या भिंतीत रुतायचं. शेवटची गोळी सुटल्यावर बोल्ट (रायफलीत गोळी आत ढकलणारा सरकता भाग) मागे अडकून राहायला हवा. इथे स्प्रिंग इतकी मरतुकडी की बोल्ट खुशाल पुढे येऊन बंद व्हायचा, आणि चाप ओढला की नुसतं 'टक्'.

आमच्यातल्या एका काकांकडे त्याच कंपनीचं अस्सल मॅगझिन होतं. त्यावर साच्यातच उमटलेली तारखेची खूण. माझ्या मॅगझिनांवर त्या जागी कोरा गोल, म्हणजे माल नकली.

विक्रेता आधी म्हणाला, काडतुसं खराब. मग म्हणाला, रायफल खराब. काकांचं मॅगझिन त्याच रायफलीत, त्याच काडतुसांवर चालतंय म्हटल्यावर शेवटचं उत्तर आलं: सील फोडलंत, आता माल परत घेणार नाही!

असा माल आला की त्याच आठवड्यात फोडा. प्रत्येकावर पेंट मार्करने नंबर टाका. घरी फक्त डमी (दारू नसलेली) काडतुसं वापरा, तीही रायफल रिकामी आहे हे डोळ्यांनी बघून. रिकामं मॅगझिन लावून बोल्ट मागे खेचा. तो तिथेच थांबला पाहिजे. पुढचं रेंजवर: काठोकाठ भरून चालवायचं आणि जिथे अडेल तो नंबर लिहून ठेवायचा. दोनदा तोच नंबर अडला तर ते मॅगझिन बाद. दोन-चारदा भरून-रिकामं केल्याने चांगली स्प्रिंग मरत नाही. तसं कोणी सांगत असेल तर त्याच्याकडून काहीच घेऊ नका.

पैसे क्रेडिट कार्डने दिले होते, ते बरं. 'गोळी अडते' या तक्रारीवर बँकेतला माणूस ढिम्म. मग अस्सल-नकली शेजारी ठेवून काढलेला फोटो आणि विक्रेत्याचा तो सीलवाला ईमेल पाठवला, तेव्हा पैसे परत आले. मॅगझिनं मात्र विक्रेत्याने अजून मागितलेली नाहीत.