जॅक घेताना आधी उतरवून बघा: घरच्या गॅरेजला दोन टनी की तीन टनी?

इचलकरंजीच्या माझ्या मेहुण्यानं नव्या घराशेजारी गाडीपुरतं पत्र्याचं शेड काढलं आणि लगेच फोन केला, "दाजी, जॅक कुठला घेऊ?" त्याला अर्धा तास जे सांगितलं, तेच इथं जरा सावकाश लिहितो. मी दोन्ही वापरलेत. आधी पाच वर्षं प्लॅस्टिकच्या पेटीतनं येणारा लहान दोन टनी ट्रॉली जॅक (स्वतःच्या चाकांवर सरकणारा), आणि आता चार वर्षं झाली तसलाच मोठा तीन टनी. घरात एक स्विफ्ट आणि वडिलांची जुनी बोलेरो. चाकं अदलाबदल करणं, ब्रेक पॅड, ऑइल आणि एखाद्या रविवारी अंगात आलं तर आणखी काही, एवढंच माझं काम. मी मेकॅनिक नाही, त्यामुळं रोज दहा गाड्या उचलणाऱ्याचं मत वेगळं असू शकतं.

डिकीतला कात्री जॅक या तुलनेत धरत नाही. तो रस्त्यावर स्टेपनी बदलण्यापुरता, आणि तिथं तो ठीकच आहे. बाटली जॅकही लगेच बाजूला ठेवतो. आपल्याकडं उसाच्या ट्रॉलीखाली तो शोभतो, बोलेरोलाही चालतो. पण तो मुळातच सात-आठ इंच उभा असतो. स्विफ्टसारख्या गाडीचं चाक पंक्चर होऊन बसलं की तो आत जातच नाही. शिवाय त्याचं टाळकं, म्हणजे गाडीला टेकणारा वरचा भाग, इतकं लहान की गाडी जरा कलली तरी पोटात गोळा येतो.

म्हणजे उरले दोन. इथं बहुतेक जण टनाच्या आकड्यात अडकतात. स्विफ्टचं रिकामं वजन ९०० किलोच्या आसपास, आणि आपण एका वेळी एक कोपरा किंवा फार तर एक बाजू उचलतो. त्यामुळं वजनाचा प्रश्न असता तर दोन टनीच पुरे होता. बोलेरोचा कोपराही त्यानं माझ्याकडं कुरकुर न करता उचललाय. तीन टनी घ्यायचा तो त्याच्या लांबी-रुंदीसाठी, चाकांसाठी, आणि एका खास गोष्टीसाठी. ती सांगायला मला थोडा वेळ लागेल.

लहान जॅकवर पंपाचा दांडा दोन तुकड्यांत जोडायचा असतो. गाडी उचलायची तर तो दांडा वरच्या खोबणीत घालून हाणत बसायचं. गाडी उतरवायची वेळ आली की तोच दांडा तिथनं काढायचा, उलटा करायचा, आणि त्याच्या टोकाची खाच खाली असलेल्या रिलीज स्क्रूवर (तेलाचा दाब सोडणाऱ्या) बसवायची. हे करताना आपण उकिडवे, डोकं बंपरच्या पातळीला, एक हात जमिनीवर. स्क्रू पाव फेरा फिरवला, काही नाही. आणखी थोडा फिरवला, काही नाही. आणखी केसभर, आणि धप्पकन गाडी खाली.

पहिल्या वर्षी वाटायचं, आपलाच हात कच्चा आहे. मग मी स्क्रू काढून साफ केला, आतली गोळी पुसून बसवली, तेल बदललं. फरक पडला तो चार दिवस. तिसऱ्या वर्षी एका रविवारी ब्रेक पॅड घालून, चाक चढवून गाडी उतरवत होतो. नट ठेवलेली स्टीलची वाटी चाकाशेजारी राहिली होती. गाडी नेहमीसारखी धप्पकन बसली, जॅक मागं उसळला, दांडा माझ्या नडगीवर. वाटीची झाली ताटली. वडील कट्ट्यावर पेपर वाचत बसले होते. चष्म्यावरनं बघत म्हणाले, "वाटी कुणाची रे?" वाटी आईची होती. नडगीचं कुणीच विचारलं नाही.

तरीही त्यानंतर दोन वर्षं मी तोच वापरला, कारण गाडी चढवताना तो अजिबात त्रास देत नसे. आणि दुकानात आपण नेमकं तेवढंच बघतो, दोन-चार वेळा पंप मारून "उचलतोय की" म्हणतो आणि पैसे देतो. उतरवून कोणी बघत नाही.

मोठ्या जॅकला एकच लांब दांडा. तो कायम जागेवर, खाली छोट्या युनिव्हर्सल जॉइंटनं (कलता दांडाही फिरवू देणाऱ्या सांध्यानं) थेट रिलीज व्हॉल्व्हला जोडलेला. पंप मारायचा तोच दांडा जरा डावीकडं पिळायचा की गाडी उतरायला लागते. आपण तीन-साडेतीन फुटांवर उभे, कंबर सरळ, नजर चाकावर. सैल सोडला की वेग वाढतो, पुन्हा आवळला की गाडी अधांतरी थांबते. डोक्यावरची भरली घागर कोणी खाली ठेवावी तशी गाडी जमिनीला टेकते. पहिल्यांदा हे केलं तेव्हा गरज नसताना मी गाडी तीनदा वर-खाली केली. शेजारचे काका कुंपणावरनं म्हणाले, "काय भावा, गाडी झोपाळ्यावर बसवली काय?"

माझ्यापुरता निकाल त्याच दिवशी लागला. पण तुमच्यासाठी बाकीच्या बाजूही मांडतो.

दुसरा मुद्दा चाकांचा, आणि तो फरशीवर अवलंबून आहे. ट्रॉली जॅकचा हात वर जातो तो सरळ रेषेत जात नाही, कमानीत जातो. म्हणजे एक तर जॅकनं गाडीखाली थोडं सरकायला हवं, नाहीतर गाडीनं. आमच्या कोल्हापुरातल्या आर. के. नगरच्या घरापुढं पेव्हर ब्लॉक आहेत. लहान जॅकची बोटभर रुंदीची चाकं दोन ब्लॉकमधल्या फटीत बरोबर बसायची. मग जॅक जागचा हलेना, आणि टाळकं गाडीच्या पट्टीखालनं घसरायला लागलं. मोठ्याची बीडाची चाकं रुंद आहेत, फट सहज ओलांडतात. तरी मी भंगारातनं एक जाड पत्रा आणून खाली टाकतो, कारण पेव्हर वजनानं खचतो तो वेगळाच. तुमच्याकडं गुळगुळीत कोबा असेल तर या मुद्द्यावर दोघांना समान गुण द्या.

टिकण्याचं म्हणाल तर आपल्या कोल्हापुरात आधी पाऊस बघावा लागतो. जूनपासून चार महिने शेडमध्ये सगळ्याला ओल येते. जॅक वर करून ठेवला तर आतल्या पिस्टनचा चकचकीत दांडा उघडा राहतो, त्यावर गंजाचे ठिपके पडतात, आणि पुढच्या वेळी तेच ठिपके तेल अडवणारं रबरी सील खरवडतात. म्हणून दोन्हींपैकी कुठलाही घ्या, काम झालं की पूर्ण खाली बसवून ठेवा. माझ्या लहान जॅकचं सील चौथ्या पावसाळ्यानंतर गेलं. चहा पिऊन येईपर्यंत गाडी दोन बोटं खाली आलेली असायची. त्यात दोष माझाही असेल, पहिली दोन वर्षं मी तो कसाही टाकायचो.

तो घेऊन उद्यमनगरात, म्हणजे कोल्हापुरातल्या वर्कशॉपच्या भागात गेलो. तिथल्या मिस्त्रींनी तो हातात घेऊन उलटासुलटा केला आणि म्हणाले, "साहेब, ह्यो उघडायला केलेला न्हाई, टाकायला केलाय." पंपाची पिन ठोकून चपटी केलेली होती. ती काढायची म्हणजे कापायची. मग त्यांनी कोपऱ्यातला स्वतःचा जुना तीन टनी दाखवला. बोल्टवर उभा, सर्कलिप (पिनेच्या खाचेत बसणारी पोलादी कडी) काढली की सगळं बाहेर. सील आणि ओ-रिंग नमुना दाखवून दोन दुकानं पलीकडं मिळतात. पिन झिजली तर लेथवर नवी करून घ्यायची. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमुळं आपल्या गावात निम्म्या लोकांना कास्टिंग हातात घेऊन पारखता येतं. मिस्त्रींनी अंगठा फिरवूनच मला दोन्हींतला फरक दाखवला. लहान जॅकसुद्धा उघडता येण्याजोगे असतीलच, मी एकाच जॅकचं सांगतोय. पण घेताना हे बघाच: पिनेला सर्कलिप आहे की नुसती ठोकलेली आहे.

आता मोठ्याच्या तक्रारी, कारण त्या आहेत. तो जड आहे. माझा ३० किलोच्या वर भरतो. आमच्या घरी तो उचलायचा विचार फक्त मी करतो, आणि मीही हल्ली करत नाही, ओढतो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यानं, पार्किंगपर्यंत जिन्यानं नेणाऱ्यानं तो घेऊ नये. तिथं लहानच बरा, आणि उतरवताना वाटी लांब ठेवावी. दुसरं, माझा मोठा जॅक खाली बसवला तरी पाच इंचांच्या वर आहे. चाक पूर्ण बसलं असेल तर आधी गाडी एका फळकुटावर चढवून घ्यावी लागते. तिसरं, तो युनिव्हर्सल जॉइंट. तिथं ग्रीस दिलं नाही तर ढिलाई येते आणि पिळताना आधी थोडी पोकळ फिरकी लागते. किंमत तर उघडच आहे. माझा लहान जॅक अडीच हजारांत आला होता, मोठा साडेआठ हजारांना पडला. घरात हा आकडा मी दोन हप्त्यांत सांगितला.

अॅल्युमिनियमचा बुटका जॅक म्हणाल तर नागाळा पार्कातल्या मित्राकडं आहे. हलका, ऐटदार, बसलेल्या चाकाखालीही जातो. दोनदा वापरून बघितला आणि आवडला. पैशाची अडचण नसेल आणि गाडी बुटकी असेल तर त्याला मी नाही म्हणणार नाही. फक्त त्या जॅकची सीलं अजून मित्राला इथं मिळाली नाहीत, मागवावी लागली.

आणि एक खर्च दोन्हीकडं सारखाच धरा: घोड्यांची, म्हणजे उचललेली गाडी टेकवायच्या लोखंडी स्टँडची जोडी. जॅक गाडी उचलण्यासाठी, धरून ठेवण्यासाठी घोड्याच. गाडी नुसत्या जॅकवर असताना खाली हातसुद्धा घालायचा नाही, मग तो कितीही टनी असू दे. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना उटी, म्हणजे गाडी सरकू नये म्हणून अडण, लावायची. टाळक्यावर मी ट्रकच्या टायरचा तुकडा ठेवतो, पंक्चरवाल्यानं फुकट दिला. गाडीच्या पट्टीला ओरखडा येत नाही.

मेहुण्याला मी शेवटी एवढंच सांगितलं की बजेट अगदीच ताणत असेल तर लहान घे, वाईट नाही. पण लक्ष्मीपुरीत किंवा उद्यमनगरात जाऊन घे, फोटो बघून मागवू नकोस. दुकानाबाहेर तुझ्याच गाडीचा एक कोपरा उचलायला लाव. उचलला की कौतुक करू नकोस. दांडा तुझ्या हातात घे आणि निम्म्यावर थांबवून दाखवायला सांग. थांबला आणि पाच मिनिटं तिथंच राहिला तर पैसे दे. दुकानदार नको म्हणाला तर पुढच्या दुकानात जा.

तो परवा गेला आणि तीन टनी घेऊन आला. येताना मागच्या सीटवर पोतं अंथरायचं सांगायला मी विसरलो. नवीन जॅकच्या तेलाच्या बुचातनं प्रवासात थोडं तेल गळू शकतं, माझ्याही सीटवर तो डाग अजून आहे.