नाशिकची वाइन ट्रिप सायकलवर: गंगापूर, गोवर्धन आणि पांडवलेणी

फेब्रुवारीत अडीच दिवस नाशिकला जाऊन आलो, मी, नवरा आणि माझे पिंपळगाव बसवंतचे मामा. मामा तीस वर्षं द्राक्षं पिकवतायत, थॉमसन आणि सोनाका, पण वाइनरीत त्यांनी कधी पाऊल ठेवलेलं नव्हतं, आणि ते घेत नाहीत. तरी मी हट्टाने त्यांना बोलावलं, आणि ट्रिप एवढी चांगली होण्याचं अर्धं श्रेय त्यांचंच आहे हे आधीच सांगते.

आधी कधी जायचं ते. मधल्या वारी जा. शनिवार-रविवारी गंगापूर रोडला मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग असते आणि टेस्टिंगला उभं राहायलाही जागा मिळत नाही. आणि महिना जानेवारी ते मार्चच्या सुरुवातीपर्यंतचा धरा कारण तेव्हा वाइनच्या द्राक्षांची तोडणी चालू असते, पहाटेच्या गारव्यात माल काढतात, क्रेट भरभरून ट्रॅक्टर जातात आणि वाइनरीच्या आवारात आंबूस गोड वास सुटलेला असतो.

राहायला गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरच्या बाजूला एक होमस्टे घेतला होता. जागा सुरेख, जेवण घरचं, बाजरीची भाकरी आणि शेवभाजी दोन्ही दिवस मागून खाल्ली. पण त्यांच्या सायकली मात्र वाईट होत्या. बुकिंगच्या वेळी 'गिअरच्या चांगल्या सायकली आहेत' म्हणून सांगितलं होतं, प्रत्यक्षात माझ्या सायकलची चेन चढाला दर वेळी उतरत होती आणि नवऱ्याच्या सायकलचा मागचा ब्रेक लागतच नव्हता. पंक्चर किट मागितलं तर तेही नाही. सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी गावातल्या मेकॅनिककडून नीट करून दिल्या, तेवढं बरं केलं, पण हे पाहुणे यायच्या आधी व्हायला हवं ना. स्वतःची सायकल गाडीला कॅरिअर लावून नेता येत असेल तर तसंच करा. नाशिक तर सायकलवाल्यांचं शहर, इथल्याच महाजन डॉक्टर बंधूंनी २०१५ साली रेस अक्रॉस अमेरिका पुरी केली, साधारण ४८०० किलोमीटर, तेव्हा अशा गावात पाहुण्याला बिनब्रेकची सायकल मिळावी याचं मला खरंच वाईट वाटलं.

रूट मात्र मस्त आहे. आनंदवल्लीपासून सोमेश्वर, गंगापूर, गोवर्धन आणि पुढे सावरगावच्या बाजूला धरणाकडे. सकाळी साडेसहाला निघालो तर दहाच्या आत रमतगमत होतं, चढ आहेत पण दम काढणारे नाहीत. सोमेश्वरला दर्शन घेतलं, चहा घेतला. मामा गाडी घेऊन मागून येत होते आणि प्रत्येक बागेपाशी थांबत होते.

या रस्त्याला पेशवाईचा इतिहास चिकटलेला आहे आणि तो माहीत असला की सायकलवर वेगळीच मजा येते. आनंदवल्ली हे नाव राघोबादादांच्या आनंदीबाईंवरून आलं, दादांचा वाडा होता इथे. आणि तिथून थोडंसंच पुढे जे गंगापूर, तिथे नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई पुणं सोडून येऊन राहिल्या होत्या. म्हणजे थोरल्या जाऊबाई गंगापूरला आणि धाकट्या जाऊबाईंच्या नावाचं गाव सायकलवर पाव-अर्ध्या तासाच्या अंतरावर, आणि मध्ये १७७३ चा नारायणरावांचा खून. ज्या बाईचा मुलगा गेला आणि ज्या बाईवर 'ध चा मा' चा ठपका आला त्या दोघींची नावं एकाच नदीकाठाला लागलेली आहेत. मी सोमेश्वरच्या पुढे नदीकडे बघत बराच वेळ थांबले होते.

आता टेस्टिंग. नियम एकच ठेवा, आधी सायकल आणि मग वाइन, उलटं अजिबात नको. सायकली होमस्टेला लावून, आंघोळ करून, मिसळ खाऊन मग निघायचं. मिसळ आम्ही बारदान फाट्याकडे साधनाची चुलीवरची खाल्ली, रस्सा काळा, सोबत पापड, पोट भरल्यावर दुपारी चारपर्यंत काही लागत नाही.

पहिल्यांदा सुला, कारण कुणाला सुरुवातच करायची असेल तर तिथूनच करावी. त्यांची पहिली वाइन २००० साली आली, आणि नाव ठेवलंय संस्थापक राजीव सामंतांच्या आईच्या सुलभा या नावावरून, हे मला फार आवडतं. टूर घ्या, नुसती टेस्टिंग घेऊ नका. स्टीलच्या टाक्या, ओकची पिंपं, लाल वाइनला रंग सालीतून येतो आणि पांढरीत रस सालीपासून लगेच वेगळा करतात, हे सगळं डोळ्यांसमोर बघितल्यावर ग्लासात काय आहे ते कळायला लागतं. शेनिन ब्लांक ही पांढरी वाइन पेरूच्या फोडीसारखी गोडसर वासाची, पहिल्यांदा घेणाऱ्याला हीच द्या. सोव्हिन्यॉन ब्लांकचा ग्लास मी मामांच्या नाकाखाली धरला तर ते लगेच म्हणाले, "हा तर ओलं गवत कापल्यावरचा वास, आणि मागून ढोबळी मिरची." टेस्टिंगवाल्या मुलाने हातातली बाटली खाली ठेवून त्यांच्याकडे बघितलं, म्हणाला, "काका, आम्ही पाहुण्यांना अगदी हेच सांगतो." मामा खूश.

संध्याकाळी यॉर्कला गेलो, ही कुटुंबाने चालवलेली वाइनरी, आटोपशीर आणि शांत, समोर धरणाचं पाणी दिसतं आणि सूर्य मावळेपर्यंत उठवत नाही. लाल वाइन आवडणाऱ्यांनी इथे शिराझ घ्या, मागून मिऱ्याचा झटका येतो. मला दोघांत यॉर्कची संध्याकाळ जास्त आवडली, निवांतपणासाठी.

दुसऱ्या दिवशी आणखी एका ठिकाणी गेलो, नाव लिहीत नाही, तिथे सहा वाइन पंधरा मिनिटांत उरकल्या. पाणी मागावं लागलं, प्रश्न विचारला तर पाठ केलेलं उत्तर, आणि शेवटी बाटल्या घ्यायचा आग्रह. टेस्टिंग म्हणजे नुसते घोट मोजणं नव्हे, एक वाइन संपवून दुसरीकडे जायला माणसाला वेळ द्यायला हवा. तुम्हाला घाई करत असतील तर सरळ सांगा की थांबा, पैसे दिलेत आपण.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते मामांनी, एका बागेच्या कडेला, तिथल्या माणसाला विचारून. त्याने एक घड दिला. मणी बारीक, साल जाड, आत बिया, आणि खायला गेलं तर तुमच्या-आमच्या खायच्या द्राक्षांपेक्षा गोड. खायच्या मालाला मणी लांब आणि फुगीर व्हावा म्हणून जीएच्या (जिबरेलिक अ‍ॅसिड, मणी वाढवणारं संजीवक) पाण्यात घड बुडवतात, विरळणी करतात, वाइनच्या मालाला मोठा मणी नकोच असतो कारण रंग आणि चव सालीत. मामा म्हणाले, "पोरी, थंड देशात वेल हिवाळ्यात झोपतो, आपल्याकडे झोपतच नाही. म्हणून आपण दोनदा छाटतो, एप्रिलात खरड छाटणी, पावसाळा सरता सरता गोडी छाटणी, आणि माल एकदाच घेतो." नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंच, दिवसा ऊन आणि रात्री गारठा, त्यामुळे गोडीबरोबर आंबटपणाही टिकतो. हे सगळं वाइनरीच्या टूरमध्ये दोन वाक्यांत येतं, बागेत ते अर्धा तास ऐकत उभं राहावंसं वाटतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पांडवलेणी. इथे सायकल नेली नाही, मुंबई हायवे आहे, जड वाहनं असतात. पायऱ्या चढून वर गेलं की २४ लेणी, लोक फोटो काढतात आणि उतरतात, पण कृपा करून ३ आणि १० नंबरच्या लेण्यांत वेळ द्या. तीनमध्ये गौतमी बलश्रीचा लेख आहे, ज्यात ती आपल्या मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं, वर्णन करते की त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं. दहामध्ये क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. त्यातल्या एकात गोवर्धन नाव येतं. तेच, ज्या गावातून आम्ही दोन दिवस सायकली मारल्या. गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, त्याने २००० कार्षापण (तेव्हाची नाणी) ठेवले, दरमहा शेकडा एक व्याजाने, आणि विणकरांच्याच दुसऱ्या श्रेणीकडे आणखी १००० शेकडा पाऊणने, मूळ रकमेला हात लावायचा नाही. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात पावसाळा काढणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा.

मामांना हे वाचून दाखवलं तर ते भिंतीकडे बघत बोटांवर मोजायला लागले. "शेकडा एक, म्हणजे महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस जणांना बारा बारा, दोनशे चाळीस." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हिशेब बरोबर आहे गं."

परतताना त्यांनी गाडी मुद्दाम गोवर्धनवरून घ्यायला लावली.