घरच्या स्टोरेज सर्व्हरचे नऊ महिने आणि न दिसणाऱ्या डिस्क

बाबांनी रत्नागिरीत ३१ वर्षं फोटो स्टुडिओ चालवला. त्यांच्या निगेटिव्ह मी दोन वर्षं झाली स्कॅन करते आहे, आणि त्यासाठीच गेल्या ऑक्टोबरमध्ये हा सर्व्हर उभा केला. एका जुन्या डेस्कटॉपचा बोर्ड आणि पॉवर सप्लाय, ८ टीबीच्या चार डिस्क, सेकंडहँड एचबीए कार्ड (बोर्डाला जास्तीच्या डिस्क जोडून देणारं) आणि त्यावर ट्रूनास ही स्टोरेजसाठीची ऑपरेटिंग सिस्टम. डिस्क झेडएफएस या फाइल सिस्टमच्या रेडझेड२ रचनेत आहेत, म्हणजे चारांतल्या कुठल्याही दोन गेल्या तरी फोटो शाबूत. सॉफ्टवेअरबद्दल माझी काही तक्रार नाही. नऊ महिन्यांत ते एकदाही स्वतःहून बंद पडलं नाही, आणि वॉटमीटरवर रिकामा असताना ४८ वॉट दिसतात, म्हणजे महिन्याला साधारण ३५ युनिट.

त्रास झाला तो डिस्क न दिसण्याचा. चार वेळा झाला, चारही वेळा कारण वेगळं निघालं आणि एकदाही डिस्क खराब नव्हती. लिहायला बसले ते त्यासाठीच, कारण डिस्क दिसत नाही म्हटल्यावर पहिला सल्ला मिळतो तो नवी घेण्याचा.

पहिली वेळ जोडणीच्याच दिवशी आली. चारांपैकी दोन डिस्क मी बाहेरून लावायच्या डबीतून काढलेल्या होत्या, कारण तशा त्या स्वस्त पडतात. त्या दोन्ही बायोसमध्येही, म्हणजे मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्राममध्येही, दिसेनात. हात ठेवून पाहिलं तर थरथर नाही, म्हणजे फिरतच नव्हत्या. परत डबीत घालून यूएसबीला लावल्या तर व्यवस्थित चालू. या एका परीक्षेतून निम्मं उत्तर मिळतं: डिस्क ठीक आहे, गडबड सर्व्हरच्या विजेत आहे.

डिस्क बोर्डाला जोडायची रूढ पद्धत म्हणजे साटा. तिच्या पॉवर जोडाला १५ पिना असतात. जुन्या पद्धतीत पहिल्या तिन्हींवर ३.३ व्होल्ट यायचे. २०१६ मध्ये आलेल्या साटा ३.३ मध्ये तिसऱ्या पिनेला नवं काम दिलं गेलं: तिथे वीज आली की डिस्कने बंद राहायचं. डेटा सेंटरमध्ये अडकलेली डिस्क दुरून बंद-चालू करायला ही सोय चांगली आहे. पण माझा जुना पॉवर सप्लाय त्या पिनेवर कायम ३.३ व्होल्ट देत होता, आणि डिस्क निमूटपणे तो हुकूम पाळत होती. उपाय म्हणजे कॅप्टॉन टेपची, त्या पिवळसर उष्णतारोधक टेपची, बारीक पट्टी डिस्कच्या तिसऱ्या पिनेवर लावायची. मोजायला डेटा जोडाच्या बाजूने सुरुवात करायची. साधी सेलोटेप लावू नका, गरम झाली की तिचा गोंद सुटतो. मोलेक्स या जुन्या चार पिनांच्या पॉवर जोडावरून साटा करणारी वायरही चालते, कारण मोलेक्सवर ३.३ व्होल्ट नसतातच. मात्र ज्यात तारा प्लास्टिकमध्ये ओतून बसवलेल्या असतात ती वायर टाळा. तसल्या जोडांना आगी लागलेल्या आहेत.

दुसरी वेळ जानेवारीत. बोर्डावरच्या खाचेत थेट बसणारी एम.२ एसएसडी लावली आणि बॅकअपची वेगळी डिस्क दिसेनाशी झाली. बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलं होतं की त्या खाचेत साटा प्रकारची एसएसडी लावली तर चौथा साटा पोर्ट बंद होतो. पोर्ट बदलला, विषय संपला.

मे महिन्यात मात्र पोटात गोळा आला. भर दुपारी चारही डिस्क एकदम गेल्या आणि पूल, म्हणजे चारही डिस्क मिळून झालेला साठा, ‘सस्पेंडेड’ दिसायला लागला. जरा शांत झाल्यावर सुचलं की चार डिस्क एकाच मिनिटाला मरत नाहीत. चौघींमध्ये सामाईक काय आहे ते बघायला हवं. सामाईक होतं एचबीए कार्ड. त्याच्या हीटसिंकवर बोट ठेववेना. ही कार्डं मोठ्या सर्व्हरसाठी बनवलेली असतात, तिथे पंख्यांचा झोत सतत त्यांच्या अंगावर असतो. घरच्या कॅबिनेटमध्ये, त्यात कोकणातल्या मेमध्ये, तो कुठून येणार? सर्व्हर बंद करून थंड होऊ दिला तर चारही परत आल्या. वाळलेली थर्मल पेस्ट बदलली, हीटसिंकवर ४० मिमीचा पंखा बसवला आणि स्क्रब, म्हणजे सगळा डेटा वाचून तपासणारं काम, चालवलं. शून्य चुका. असं कार्ड घेणार असाल तर पंख्याचे पैसे त्याच्याच किमतीत धरा. आणि कार्डाकडून डिस्ककडे जाणारी केबल ‘फॉरवर्ड ब्रेकआउट’च (कार्डाच्या एका जोडातून चार डिस्कना जाणारी) घ्या, ‘रिव्हर्स’ दिसायला अगदी तशीच असते, पण तिच्यावर एकही डिस्क दिसत नाही.

चौथ्या वेळेने सगळ्यात जास्त दमवलं. जुलैत एकच डिस्क सकाळी गायब, रात्री हजर, दोन दिवसांनी पुन्हा गायब. भाचा शेजारीच बसला होता. ती डिस्क काढून त्याच्या विंडोज लॅपटॉपला लावली. त्याने विचारलं, “मावशी, इनिशियलाइज करा म्हणतंय, ओके करू?” मी जवळजवळ ओरडलेच. झेडएफएस विंडोजला वाचता येत नाही, म्हणून ते डिस्क कोरी समजतं. त्या ओकेने डिस्कवर नवी विभागणी लिहिली जाते. तिथे नेहमी रद्द करा.

मग स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवत असलेल्या तब्येतीच्या नोंदींचे, आकडे काढले. ५ आणि १९७ क्रमांकाच्या ओळी शून्यावर, म्हणजे तबकडीवर खराब जागा नाहीत. १९९ ही सीआरसी चुकांची, म्हणजे डेटा येता-जाता बिघडल्याची, ओळ डेटा केबल सैल असली की वाढते. तिथे जुन्याच ३ चुका होत्या, आणि हा आकडा कधी कमी होत नसल्याने त्या कधीच्याही असू शकतात. तो वाढत नव्हता. उत्तर सापडलं १२ व्या ओळीत. डिस्क किती वेळा चालू झाली याची ती मोजणी. बाकी तिघींचा आकडा पंचविसाच्या आसपास आणि हिचा ६१. सर्व्हर चालू असताना एकट्या हिचीच वीज तुटत होती.

ही डिस्क स्प्लिटरवर होती, एका साटा पॉवर जोडातून तीन काढणाऱ्या वायरच्या शेवटच्या टोकाला. काढून बघितलं तर तिच्या टोकाच्या पिना तपकिरी झालेल्या. हिशोब केला तेव्हा वाईट वाटलं, कारण तो आधीच करता आला असता. साडेतीन इंची डिस्क फिरायला सुरुवात करताना १२ व्होल्टवर साधारण २ अँपिअर ओढते, म्हणजे तिघी मिळून ६. साटा पॉवर जोडात १२ व्होल्टच्या तीन पिना, दर पिनेला दीड अँपिअर, म्हणजे झेपतं साडेचार. त्यात आमच्याकडची पावसाळ्यातली दमट हवा. स्प्लिटर काढला आणि डिस्क पॉवर सप्लायच्या दोन वेगळ्या वायरींवर वाटल्या. झेडएफएसने फक्त मधल्या काळात बदललेला भागच पुन्हा भरला, त्यामुळे काम काही मिनिटांत आटोपलं.

एक सवय पहिल्या दिवशीच लावून घ्या: प्रत्येक डिस्कच्या खणावर तिचा सीरियल नंबर चिकटवा. लिनक्समधली एसडीए, एसडीबी ही नावं रीबूटनंतर बदलू शकतात, आणि घाईत चांगली डिस्कच बाहेर येते. सीरियल बदलत नाही.

त्यानंतर सहा आठवडे झाले, चौघींच्या १२ व्या ओळी एकत्रच पुढे सरकताहेत. पाच साटा वायरींचा नवा पॉवर सप्लाय आणून ठेवला आहे, गणपतीच्या सुट्टीत बसवीन. तोही ३.३ व्होल्ट देतो, म्हणून त्या दोन डिस्कवरची पिवळी पट्टी तशीच राहणार.